फुझूलीची गझल तेवऱ्यात बसते का?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

तुर्की प्रेमकवितेला चाल लावण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. लिपीबद्दल आधी एक खुलासा. तुर्कीच्या रोमन लिपीत बिनटिंबाच्या i चा (ı) एक स्वर आहे. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून आम्ही तो ऱ्हस्व 'इ'ने लिहिला आहे. त्याचा खरा उच्चार चौथ्या उत्तरात सापडेल.

मी मराठी गझल लिहिते आणि गाते. फुझूली या तुर्की कवीच्या एका गझलेला मूळ भाषेतच चाल लावायची आहे. सुरुवात कुठून करू? तीच चाल मराठी अनुवादाला चालेल का?
*गझलकार वाचक, नागपूर*

सुरुवात पेटीवरून नको, वहीवरून करा. या कवितेची अर्धी चाल तिच्या अक्षरांतच आहे. ती आधी वाचून घेतली नाही तर पुढे सूर कितीही गोड लागले तरी शब्द अडखळत राहतात.

फुझूली सोळाव्या शतकातला. आजच्या इराकच्या भागात राहिला, १५५६ मध्ये वारला. तुर्की, फारसी आणि अरबी या तिन्ही भाषांत त्यानं लिहिलं. तुमच्या मनात असलेली गझल बहुधा त्याची सर्वांत गाजलेली असावी. तिचा मतला, म्हणजे पहिला शेर, असा:

बेनी जान्दान उसान्दिर्दि, जेफादान यार उसान्माज़ मि
फेलेक्लेर यान्दि आहिम्दान, मुरादिम शेम्इ यान्माज़ मि

यार, जान, जफा, फलक, आह, मुराद, शमा हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. अर्थ असा: यारानं मला जिवाचा वीट आणला, त्याला छळाचा वीट येत नाही का? माझ्या उसाशांनी आभाळं पेटली, माझ्या इच्छेचा दिवा पेटणार नाही का?

आता ओळ फोडून लिहा:

बे-नी-जान्-दान् | उ-सान्-दिर्-दि | जे-फा-दान्-या | रु-सान्-माज़्-मि

प्रत्येक तुकडा लगागागा (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू). म्हणजे आपलं वियद्गंगा वृत्त. तुर्की अभ्यासक याच तुकड्याला 'मेफाईलुन' म्हणतात. माधव जूलियन यांनी फारसी वृत्तं मराठीत रुळवली तेव्हा ज्या झऱ्यातून पाणी आणलं, त्याच झऱ्यावर तुर्की दरबारी कवी कित्येक शतकं आधीपासून भरत होते. त्यामुळे मराठी गझलकाराला इथे नव्यानं काही शिकावं लागत नाही. कान मात्र तीन जागी सावध हवा.

पहिली जागा 'बेनी'तला 'नी'. तुर्कीत हा स्वर आखूड आहे, वृत्ताला मात्र तो लांब हवा. अशी ओढ दिलेली चालते, तिला 'इमाले' म्हणतात. 'उसान्दिर्दि'च्या शेवटी तीच गोष्ट. याउलट मुळात लांब असलेला स्वर आखडणं हा दोष मानतात.

दुसरी जागा 'यार उसान्माज़'. इथे 'यार'चा र पुढच्या 'उ'ला चिकटून 'या-रु-सान्' होतं. या जोडणीचं नाव 'वस्ल', आणि बहुतेक नवे गायक इथेच घसरतात. 'यार' हा शब्द भावपूर्ण म्हणून त्याच्यावर थांबायचा मोह होतो. थांबलात की र मागे राहतो, 'यार' गरजेपेक्षा लांब होतो, पुढचा 'उ' बिनआधाराचा पडतो आणि चौथा तुकडा तालाबाहेर जातो. थांबायचं असेल तर 'या' कितीही लांबवा, पण र पुढच्या अक्षरावरच सोडा.

तिसरी जागा श्वासाची. ही गझल मध्यावर दुभंगते. मतल्यात ते तितकं जाणवत नाही, मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, स्पष्ट दिसतं:

फुझूली रिन्दि शेयदादिर, हेमीशे हाल्का रुस्वादिर
सोरुन किम बू ने सेव्दादिर, बू सेव्दादान उसान्माज़ मि

शेयदादिर, रुस्वादिर, सेव्दादिर हे आतलं यमक दर दोन तुकड्यांनी येतं. चालीचं वाक्यही तेवढंच असू द्या. श्वास दुसऱ्या तुकड्यानंतर घ्यावा, इतर कुठेही नको.

तालाचा हिशेब असा: लगागागा म्हणजे १+२+२+२, एकूण सात. सात मात्रांचं आवर्तन ३-२-२ असं धरलं तर 'बेनी' तीन मात्रांत, 'जान्' दोनात आणि 'दान्' दोनात चपखल बसतं. चार आवर्तनांत एक ओळ, मात्रा २८, आणि शेवटी एकही रिकामी मात्रा नाही.

पण हा हिशेब म्हणजे चाल नव्हे. तो तसाच गायला तर पाढे म्हटल्यासारखं होतं, कारण प्रत्येक तुकडा त्याच जागी सुरू होऊन त्याच जागी संपतो. यावर उपाय असा की लघू जिथल्या तिथे ठेवायचा आणि गुरू ताणायचे. दोनाचे चार करा, नऊ करा, एखादा गुरू अख्खं आवर्तन धरून ठेवा. लघूला मात्र एका मात्रेहून जास्त देऊ नका. मतल्याच्या दुसऱ्या ओळीतला 'आहिम्दान'मधला 'आ' हा ताणायला सर्वांत चांगला गुरू. उच्चार मोकळा, अर्थही उसाशाचाच. 'फेलेक्लेर'मधला 'फे' ताणलात तर तुर्की कानाला शब्दच कळणार नाही.

मराठी अनुवादाला तीच चाल हवी असेल तर वृत्तही तेच ठेवा. नमुन्यादाखल मतला करून पाहिला:

जिवाचा वीट आला, पण तुझा हा छळ टळत नाही
जळाले व्योम आहांनी, दिवा माझा जळत नाही

काफिया (यमक) आणि रदीफ (त्यामागून तसाच येणारा शब्द) साधले, तुकडे जुळले. मूळच्या ओळी मात्र प्रश्न विचारतात आणि इथे त्यांची विधानं झाली. म्हणून शेवटच्या 'नाही'वर षड्जावर उतरू नका, सूर वर अधांतरी सोडा. तसं केलं तर प्रश्न पुष्कळसा परत येतो.

गायला मतला, मक्ता आणि मधले दोन-तीन शेर पुरेत. मक्ता गाळू नका. त्यात कवीचं नाव आहे.

तुर्की तालांत 'देव्रि हिंदी' नावाचा सात मात्रांचा ताल आहे असं वाचलं. तो आपला रूपकच ना?
*तबलावादक, फोंडा*

नाव 'हिंदी आवर्तन' असंच आहे, विभागणीही ३-२-२ अशीच. तरी ठेका रूपकचा वाजवू नका. रूपकच्या समेवर 'खाली', म्हणजे बिनवजनाची मात्रा, आहे. 'तीं तीं ना' हलकं सुरू होतं आणि वजन पुढच्या 'धीं'वर पडतं. तुर्की ताल, म्हणजे 'उसूल', सुरू होतो तो 'दुम'नं, भरदार ठोक्यानं. गायक पहिल्या मात्रेवर आधार शोधतो आणि रूपक तो आधार काढून घेतो.

पखवाजाचा तेवरा घ्या: धा दिं ता | तिट कत | गदि गन. सात मात्रा, तीच विभागणी, सम भरीव. तबल्यावर तो खुल्या बोलांनी वाजवला की देव्रि हिंदीच्या फार जवळ जातो. लय मध्यम ठेवा. द्रुत झाला की वरच्या गझलेतले लघू गिळले जातात.

फुझूलीच्या ओळीत आणखी एक अडचण आहे. समेवर 'बे', 'उ', 'जे' असे लघू येतात, म्हणजे भरदार ठोक्याखाली सर्वांत हलकं अक्षर. ते खटकत असेल तर पहिला लघू आधीच्या आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर उचला आणि 'नी'ला समेवर आणा. आवर्तन आपोआप २-२-३ होतं. त्याचाही तुर्कीत वेगळा उसूल आहे, 'देव्रि तुरान'. दोन्ही वाजवून पाहा. आम्हाला या गझलेसाठी दुसरा अधिक आवडतो.

दहा मात्रांचा 'अक्साक सेमाई' झपतालासारखा दिसतो, पण तो ३-२-२-३ असा चालतो. झपतालाचा २-३-२-३ ठेका त्यावर धरलात तर मधल्या टाळ्या चुकतील.

हिजाझ मकामात बांधलेली चाल पेटीवर छान वाजते. उश्शाकमधली मात्र पेटीवर बेसूर वाटते. पेटी तर नीट जुळवलेली आहे. मग चूक कुठे?
*सुगम संगीत गायक, पुणे*

चूक तुमची नाही. उश्शाक या मकामाचा, म्हणजे तुर्की रागाचा म्हणा, दुसरा स्वर पेटीत नाहीच.

तुर्की पद्धतीत सप्तकाचे ५३ बारीक भाग मानतात, त्यांना 'कोमे' म्हणतात. षड्जापासून शुद्ध रिषभापर्यंत नऊ कोमे. उश्शाकचा दुसरा स्वर पुस्तकात आठ कोम्यांवर लिहितात, गळ्यात तो त्याहून खाली उतरतो. लोकसंगीतातले बगलामा (लांब मानेचं तंतुवाद्य) वाजवणारे तो शुद्ध स्वराहून दोन कोमे खाली लिहितात, म्हणजे सातवर. सेंटमध्ये (सप्तकाच्या बाराशेव्या भागात) मोजलं तर साधारण १५८. पेटीचा कोमल रे १००वर आणि शुद्ध रे २००वर, आणि हा स्वर दोघांच्या मधोमध. कोमल रे दाबलात तर मकाम बदलून 'कुर्दी' होतो. शुद्ध दाबलात तर उश्शाकची ती विरघळणारी आर्तता जाते.

साथीला व्हायोलिन, सारंगी किंवा सरोद घ्या. सतार असेल तर रिषभाचा पडदा सरकवून या जागी बांधता येतो. बगलामावरही पडदे असेच बांधलेले आणि हलवता येणारे असतात. पेटी सोडवत नसेल तर तिनं फक्त षड्ज आणि मध्यम धरावेत, रिषभाला हात लावू नये.

हिजाझ पेटीवर चालतो, कारण त्याचे स्वर बसंतमुखारीच्या अगदी शेजारी आहेत: कोमल रे, शुद्ध ग, पुढे मध्यम, पंचम, कोमल ध आणि नी. तरीही तुर्की हिजाझमध्ये कोमल रे पेटीपेक्षा किंचित चढा आणि गंधार किंचित उतरलेला असतो. त्यामुळे मधली उडी जराशी आखडते. गळ्यानं तंबोऱ्यावर हे आपसूक साधतं. पेटी कानाशी असेल तर गळा तिच्याकडे ओढला जातो. पेटीवर बऱ्यापैकी निभणारे इतर मकाम म्हणजे निहावेन्द, कुर्दी, भैरवच्या स्वरांजवळचा हिजाझकार आणि भैरवीच्या स्वरांजवळचा कुर्दिली हिजाझकार.

मकाम म्हणजे नुसते स्वर नव्हेत, हेही याच उत्तरात सांगायला हवं. भूप आणि देशकार यांचे स्वर एकच, तरी राग दोन. उश्शाक आणि हुसेयनी यांचेही पहिले पाच स्वर एकच, तरी मकाम दोन. उश्शाक खालून चढतो आणि चौथ्या स्वरावर विसावतो. हुसेयनी पाचव्या स्वराभोवती घुटमळतो. चालण्याच्या या रीतीला 'सेयिर' म्हणतात. कुर्दिली हिजाझकार तर वरच्या षड्जापासून उतरत येतो. त्याची चाल मंद्रातून उठवलीत तर स्वर बरोबर असूनही जाणकार म्हणेल, हा तो मकाम नव्हे.

एक व्यवहाराची गोष्ट. तुर्की स्वरलिपी हाती आली तर लिहिलेली पट्टी शब्दशः धरू नका. 'बोलाहेंक' या रूढ पट्टीत लिहिलेला स्वर पहिला धरून खाली मोजलं तर चौथा स्वर वाजतो, लिहिलेला 'सोल' ऐकू येतो तो (पाश्चात्त्य नावांतला) 'रे'. आधी चाल कोणत्या स्वरावर संपते ते पाहा. त्याला 'करार' म्हणतात. तो आपला षड्ज धरून सगळं सरगमात उतरवून घ्या.

बर्लिनमध्ये आमचा मराठी गट तुर्की गाणं बसवतो आहे. तुर्की शेजारीण म्हणते, सूर छान आहेत पण शब्द समजत नाहीत. काय सुधारावं?
*वाचक, बर्लिन*

शेजारीण घरापाशी आहे हे भाग्य. शब्द तिच्याकडून नुसते ऐकू नका, तिचे ओठ पाहा.

तीन स्वर मराठीत नाहीत. बिनटिंबाचा स्वर: जीभ 'उ'ला असते तशी मागे, ओठ 'ई'ला असतात तसे ताणलेले. दोन टिंबांचा 'यू': जीभ 'ई'ची, ओठ 'उ'चे. दोन टिंबांचा 'ओ': जीभ 'ए'ची, ओठ 'ओ'चे. आरशासमोर 'ई' म्हणत जीभ न हलवता ओठ गोल करा, दुसरा स्वर मिळतो. तार सप्तकात हे तिन्ही स्वर विस्कटतात, म्हणून तान त्यांच्यावर नको. 'आ' किंवा 'ए' असलेलं अक्षर शोधा.

ज आणि च नेहमी 'जय' आणि 'चंद्र'मधले, 'जाळ' आणि 'चाळ'मधले कधीच नाहीत. मराठी माणसाच्या तोंडून ही चूक न कळत होते. टोपीवाला 'ग' उच्चारायचा नसतो, तो आधीचा स्वर लांबवतो. 'दाग' असं लिहिलेला डोंगर 'दाऽ' असा म्हणायचा.

मग लांबी. 'यार' लांब म्हटला तर प्रियकर, आखूड म्हटला तर कडा. 'हाला' आखूड म्हणजे आत्या, दोन्ही स्वर लांब केले तर 'अजूनही'. विरहाच्या गाण्यात 'अजूनही'च्या जागी आत्या आली तर शेजारणीला काय समजणार?

आघातही तितकाच महत्त्वाचा. तुर्की शब्दांत तो बहुधा शेवटच्या अक्षरावर असतो, पण नकाराचा प्रत्यय त्याला मागे ढकलतो. 'गेल्मे'मध्ये जोर 'गेल्'वर दिला तर 'येऊ नकोस', 'मे'वर दिला तर 'येणं'. चालीत उंच सूर कोणत्या अक्षराला मिळाला यावर अर्थ उलटा होऊ शकतो. प्रश्नाचा 'मि'ही असाच. 'उसान्माज़ मि'मध्ये सूर 'माज़'वर चढतो आणि 'मि'वर उतरतो. आपण 'का?' म्हणताना शेवट वर नेतो, ती सवय इथे सोडावी लागते.

शेवटचं व्यंजन ताणू नका. 'जान्दानऽ' असं शेवटी 'अ' जोडून लांबवणं आपल्याकडे सर्रास चालतं. तुर्कीत तो नवा शब्दांश होतो. 'दाऽऽ' लांबवा आणि न अगदी शेवटी मिटा.

'शार्की' या तुर्की गीतप्रकारात मुखडा-अंतरा असतो का?
*संगीत शिक्षिका, कोल्हापूर*

असतो, पण वेगळ्या हिशेबानं. चार ओळींचं कडवं घेतात. पहिली ओळ 'झेमिन', तिथे मकामाची जमीन तयार होते. दुसरी 'नकारात', ध्रुवपदासारखी. तिसरी 'मियान', ती वर चढते आणि बहुधा दुसऱ्या मकामाची झलक दाखवून येते. चौथ्या ओळीला पुन्हा नकाराताची चाल. म्हणजे नव्या चाली तीनच. एकोणिसाव्या शतकात हाजी आरिफ बेय (१८३१–१८८५) यांनी हा घाट इतका लोकप्रिय केला की पुढचे रचनाकार त्याच वाटेनं गेले.

कवितेच्या बाजूनं हा प्रकार नेदीमनं (मृत्यू १७३०) फुलवला. इस्तंबूलमध्ये कागितहानेच्या ओढ्याकाठी १७२२ मध्ये सादाबाद महाल उभा राहिला. तिकडे फिरायला चल म्हणून प्रियेची मनधरणी करणारी त्याची ओळ आहे: 'गिदेलिम सेर्वि रेवानिम, युरू सादाबादा'. सेर्वि रेवान म्हणजे चालता सरू वृक्ष. मोजणी ललगागा तीनदा आणि शेवटी गागा, मात्रा ६-६-६-४. सहाच्या तालात ओळीअखेर दोन मात्रा श्वासाला मिळतात. दादऱ्यात गायलात तर चौथी मात्रा गुरूच्या पोटात पडते. ती खालीची असल्यानं निभतं, पण तबल्यानं तिथे जोर लावू नये.

मियान फार उंच बांधू नका. तिसऱ्या ओळीत गळा फुटला की चौथ्या ओळीत 'नकारात' परत आल्याचा आनंदच उरत नाही.

काराजाओलानची प्रेमगीतं ओवी-अभंगाच्या चालीवर म्हणता येतील का?
*कीर्तनकार वाचक, पंढरपूर*

येतील, आणि हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. काराजाओलान हा सतराव्या शतकातला मानला जाणारा लोककवी, तोरोस डोंगरांच्या बाजूचा. दरबारी वृत्तं सोडून तो अक्षरं मोजतो. त्याच्या एका गाजलेल्या गीताची सुरुवात:

इन्जेजिक्तेन बिर कार याआर
तोझार एलिफ एलिफ देयी

भुरुभुरु हिम पडतंय आणि 'एलिफ, एलिफ' म्हणत उडतंय. एलिफ हे प्रेयसीचं नाव, आणि अरबी लिपीतल्या पहिल्या, सरळसोट अक्षराचंही नाव. प्रत्येक ओळ आठ शब्दांशांची, चारावर विराम. लहान अभंगाची आठ अक्षरंच म्हणा. त्यामुळे टाळाच्या चार मात्रांवर ती सहज झुलते.

गोची अनुवादात होते. पहिली ओळ 'भुरुभुरु हिम झडे' अशी चार-चारात सुरेख बसते. दुसरी 'एलिफ एलिफ म्हणे' असं लिहिलं तर अक्षरं आठच, पण विराम 'एलिफए | लिफम्हणे' असा पडतो आणि नावाचेच दोन तुकडे होतात. तुर्कीत विराम शब्द कधी तोडत नाही. म्हणून कानानं मोजा. 'एलिफ्' दोनच शब्दांशांचा धरा आणि 'उडे एलिफ् | एलिफ् करी' असं म्हणा. लेखणीनं मोजलं तर दहा अक्षरं, कानाला आठ. गाणं कानासाठी आहे.

साथीला बगलामा मिळाला तर तार ला-रे-मी अशी लावतात. एकतारीवरही हे गीत शोभतं.

नाझिम हिकमत यांच्या मुक्तछंदातल्या प्रेमकवितेला चाल लावून प्रसिद्ध करायची आहे. परवानगी लागेल का? आणि मुक्तछंद तालात कसा बसवायचा?
*तरुण संगीतकार, ठाणे*

परवानगीचं आधी. नाझिम हिकमत ३ जून १९६३ रोजी मॉस्कोत वारले. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं, म्हणजे २०२३ अखेरपर्यंत होते. तुर्कस्तानात सत्तर वर्षं, म्हणजे २०३३ अखेरपर्यंत आहेत. यात एक मेख आहे. आपल्या कायद्यात मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या रचनेची साठ वर्षं छापल्यापासून मोजतात. आणि नाझिम यांची पुस्तकं त्यांच्या देशात पुन्हा छापली जाऊ लागली ती १९६५च्या सुमारास. म्हणून तुमची कविता प्रथम कधी छापली गेली ते पाहा. गाणं इंटरनेटवर टाकलं की ते तुर्कस्तानात आणि युरोपातही वाजणार, तेव्हा वारसांच्या प्रकाशकाकडून लेखी परवानगी घेणंच शहाणपणाचं. अनुवाद दुसऱ्याचा असेल तर त्याचे हक्क वेगळे. कवीचे संपले म्हणून अनुवादकाचे संपत नाहीत.

चालीबद्दल: १९४५ मध्ये बुर्साच्या तुरुंगातून त्यांनी पत्नी पिराये हिच्यासाठी कविता लिहिल्या, रात्री नऊ ते दहा हा तास तिच्या नावे ठेवून. तो आवाज बोलण्याचा आहे, मैफिलीचा नव्हे. कविता आधी तीन वेळा साध्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रित करा. तिन्ही वाचनांत जे शब्द लांब झाले तेच चालीत लांब करा. ओळ तुटते तिथे श्वास आहे, मात्रा नाही. तिथे तबल्याचा तुकडा भरू नका. ताल ठेवायचाच असेल तर तो वाद्यांनी सांभाळावा आणि गळा त्यावर सैल तरंगावा.

आवर्तन भरायला शब्द पुन्हा पुन्हा घेऊ नका. गझलेत एक मिसरा दहा वेळा आळवला तरी तो खुलतो. नाझिम यांनी एकदाच म्हटलेलं वाक्य दोनदा म्हटलं की विनवणी वाटू लागते, आणि ही कविता विनवणीची नाही.

तुर्की गायक मधेच 'अमान', 'जानिम' म्हणतात. मूळ कवितेत नसताना आपण ते घालावं का?
*वाचक, इंदूर*

घालावं, जागा पाहून. यांना 'तेरेन्नुम' म्हणतात. जुन्या रचनांत 'तेन नेन नी' अशी निरर्थक अक्षरंही येतात, आपल्या तराण्याची आठवण करून देणारी. तुकड्याच्या मध्ये ती घालू नयेत, ओळ पूर्ण झाल्यावर घ्यावीत. फुझूलीच्या वरच्या गझलेत ओळीअखेर रिकामी मात्रा नाही, म्हणून एक जादा आवर्तन उघडा. 'जान'चा मूळ फारसी दीर्घ स्वर धरला तर 'अ-मान्-जा-निम्' हे नेमकं लगागागा होतं. सात मात्रा, एक आवर्तन, आणि पुढची ओळ पुन्हा आपल्या जागी सुरू होते.